खडकातले शेतकरी

आइसलँडच्या एका जुन्या कथेत हिल्दूर नावाची बाई डोंगराकडच्या एका शेतघराचा कारभार सांभाळते. कामाला वाघ, बोलायला अबोल, आणि तिचा आगापिछा कुणालाच ठाऊक नाही. त्या घरावर एक संकट असतं. दर नाताळच्या सकाळी मेंढ्यांमागचा गडी अंथरुणात मेलेला सापडतो. नाताळच्या रात्री घरची सगळी माणसं लांबच्या चर्चला गेलेली असतात, मेंढपाळ दमून झोपलेला असतो आणि जागी असते ती एकटी हिल्दूर. अखेर एक धीट गडी कामाला राहतो आणि त्या रात्री झोपेचं सोंग घेऊन पडून राहतो. हिल्दूर येते, त्याला लगाम चढवते, त्याच्यावर स्वार होते आणि एका कड्याशी उतरून जमिनीच्या पोटात शिरते. गडी लगाम झटकतो आणि अदृश्य होऊन तिच्या मागोमाग जातो. खाली हिरवीगार कुरणं असतात, उजेडाने भरलेला वाडा असतो. राजा पुढे येऊन हिल्दूरला मिठी मारतो, मुलं तिला बिलगतात. वर चाकरी करणारी बाई खाली राणी असते. सासूच्या शापामुळे तिला माणसांत राबावं लागत असतं आणि वर्षातून एकदा घरी जायचं तर एका माणसाचा जीव मोजावा लागत असतो. गडी एका मुलाच्या हातून पडलेली सोन्याची अंगठी उचलून आणतो, सकाळी सगळ्यांसमोर ती दाखवतो, आणि शाप सुटतो. हिल्दूर निघून जाते, ती कायमची.

यातला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवून फक्त हुद्दे पाहावेत. मरतो तो गडी, मालक नव्हे. राणी असते ती कारभारीण, मालकीण नव्हे. आणि सासू दोन्ही जगांत सासूच आहे! आइसलँडमधल्या हुल्डूफोल्क, म्हणजे लपून राहणाऱ्या लोकांच्या, शेकडो कथा अशा रीतीने वाचल्या की परी किंवा भूत या शब्दांनी डोळ्यांपुढे येतं ते चित्र पुसलं जातं. या लोकांना पंख नाहीत, शिंगं नाहीत, ते बोटभर उंचीचेही नाहीत. ते माणसाएवढे असतात, गाई-मेंढ्या पाळतात, उन्हाळ्यात गवत कापतात, मासेमारीला होड्या घालतात. त्यांना स्वतःची चर्चं आहेत आणि धर्मगुरूही. घरं मात्र खडकांच्या आणि टेकड्यांच्या आत, आणि ते स्वतः दिसायचं ठरवतील तेव्हाच दिसतात. फरक एवढाच की त्यांचं सगळं थोडं बरं असतं. गाय जास्त दूध देते, कपडे लाल-निळे आणि चांदीच्या पट्ट्यांचे असतात, घरात दिवा असतो. माझं म्हणणं असं की हा समाज १६व्या ते १९व्या शतकातल्या आइसलँडच्या शेतकरी व्यवस्थेने, त्यातही तिच्या तळाशी असलेल्या गड्या-मोलकरणींनी, आपल्याच मापाने बेतलेला आहे. म्हणून त्याच्याकडे दंतकथा म्हणून पाहण्याआधी त्या काळाचा एक दस्तऐवज म्हणून पाहावं.

काळ कसा होता ते आधी पाहू. बेट डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होतं. १५५० साली शेवटचा कॅथलिक बिशप योन आरासोन याचा दोन मुलांसह शिरच्छेद झाला आणि लूथरचा पंथ हा राज्याचा धर्म ठरला. पूर्वी पापाचा निवाडा चर्च करत असे. आता तो राजाच्या अधिकाऱ्यांकडे आला. १५६४ मध्ये आल्थिंग या सभेने 'स्तोरिदोमुर' म्हणजे महानिवाडा नावाचा कायदा मंजूर केला. लग्नाबाहेरच्या संबंधाला दंड आणि फटके, पुन्हा पुन्हा केलेल्या व्यभिचाराला आणि निषिद्ध नात्यातल्या संबंधाला मृत्यू. नात्याची व्याख्याही सैल नव्हती. बहिणीच्या नवऱ्याशी आलेला संबंध तीत बसत असे. पुरुषाचं मुंडकं उडवायचं, बाईला बुडवायचं. थिंगवेल्लिरला, जिथे ही सभा भरत असे, तिथे ओहोळाच्या पात्रात एक डोह आहे. तिथे बुडवलेल्या १८ बायकांची नावं आज काठावरच्या पाटीवर वाचायला मिळतात. त्यांतली एक थोर्दीस हाल्दोर्सदोत्तिर. तिने १६०८ मध्ये आपण कुमारी असल्याची शपथ घेतली आणि काही महिन्यांत ती बाळंत झाली. मुलाचा बाप तिचा मेहुणा असल्याचं पुढे ठरलं आणि १६१८ साली तिला बुडवण्यात आलं. मधली दहा वर्षं तिच्याभोवती एकच प्रश्न फिरत राहिला: बाप कोण? हा कायदा १८३८ पर्यंत पुस्तकात होता. शिक्षा हळूहळू सौम्य झाल्या, पण तो प्रश्न विचारण्याचा अधिकार काही राज्याने सोडला नाही.

दुसरा धागा कामाचा. १७०३ साली आइसलँडची शिरगणती झाली, तेव्हा लोकसंख्या ५०,३५८ भरली. गाव असं नव्हतंच. विखुरलेली शेतघरं होती आणि त्यांतले बहुतेक शेतकरी चर्चची, राजाची किंवा मोजक्या बड्या घराण्यांची कुळं होती. ज्याच्याकडे कसायला जमीन नाही त्याने कुठल्या तरी शेतघरात वर्षाच्या कराराने राहिलंच पाहिजे, असा कायदा होता. आपल्याकडे सालगडी पाडव्याला बदलतो तसा तिथला गडी वसंतात बदलायचा, मात्र तिथे 'यंदा कुठेच राहत नाही' असं म्हणण्याची मुभा नव्हती. मालकाविना फिरणारा मजूर हा गुन्हेगार ठरे. विस्तरबांद नावाची ही बांधिलकी १५व्या शतकापासून घट्ट होत गेली. १७८३ मध्ये उरलीसुरली मोकळी मजुरीही बंद केली गेली, आणि ती नेमकी त्या वर्षी, ज्या वर्षी लाकी ज्वालामुखीच्या विषारी धुराने गुरं मारली आणि पाठोपाठच्या दुष्काळात बेटावरचा सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. १९व्या शतकातही लोकसंख्येचा साधारण चौथा भाग गडी-मोलकरणींचा होता. लग्न करायचं तर आधी जमीन हवी, आणि जमिनी मोजक्या. त्यामुळे अनेकांचं उभं आयुष्य दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या अंथरुणाशेजारी गेलं.

हे अंथरुण शब्दशः घ्यायचं. मातीच्या आणि गवताळ ढेकळांच्या घरात एकच मोठी खोली असे. दोन्ही भिंतींना लागून खाटा, एकेका खाटेवर दोघं-दोघं, मालक-मालकीण एका टोकाला आणि नोकर दुसऱ्या. लाकूड दुर्मीळ, म्हणून शेकोटी जवळपास नाहीच. ऊब माणसांच्या अंगाची. हिवाळ्यात संध्याकाळभर सगळे त्याच खोलीत बसून लोकर पिंजत, कातत, विणत आणि एक जण वाचून दाखवत असे किंवा गोष्ट सांगत असे. हुल्डूफोल्कच्या कथा सांगितल्या गेल्या त्या इथे. ऐकणाऱ्यांत मालकही होता आणि त्याची मोलकरीणही, आणि कधीकधी तिला दिवस गेलेले असत. या खोलीत कुणालाच एकांत नव्हता. कथेतल्या माणसाला मात्र टेकडीचं दार उघडलं की स्वतःची खोली मिळते. हा योगायोग मला वाटत नाही.

आता एक कथा जरा जवळून पाहू. उत्तरेकडचा एक धर्मगुरू एका अनाथ मुलीला सांभाळतो. मोठी झाल्यावर उन्हाळ्यात ती वरच्या डोंगरातल्या मेंढवाड्यावर स्वयंपाक-दुधाचं पाहू लागते. खालच्या घरापासून लांब, आसपास मोजकी माणसं. काही काळाने ती अंगाने भरते. धर्मगुरू खोदून खोदून विचारतो, ती नाही म्हणते. तो माणसांना तिच्यावर नजर ठेवायला सांगतो. मग एका रात्री मेंढ्या भरकटतात, झाडून सगळ्यांना शोधायला जावं लागतं, आणि ती एकटी उरते. माणसं परततात तेव्हा ती पूर्वीसारखी सडसडीत झालेली असते. मूल कुठेच नसतं. टेकडीतला प्रियकर आला, त्यानेच बाळंतपण केलं आणि मूल घेऊन गेला. पुढे तिचं लग्न ठरतं. ती नको नको म्हणते, शेवटी एक अट घालते की नवऱ्याने तिला विचारल्याशिवाय हिवाळ्यासाठी पाहुणा ठेवायचा नाही. काही वर्षांनी नवरा अट विसरतो आणि एक पुरुष नि एक पोरगा हिवाळाभर राहतात. ती त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. वसंतात ते निघतात तेव्हा नवरा तिला निरोपाचं चुंबन द्यायला भाग पाडतो. ती बाहेर जाते, बराच वेळ परत येत नाही. लोक जाऊन पाहतात तर ती आणि तो पाहुणा एकमेकांच्या मिठीत मरून पडलेले, आणि पोरगा शेजारी रडत उभा.

या कथेत अद्भुत असं फारच थोडं आहे. बाकीचं सगळं कुठल्याही कोर्टाच्या कागदांत सापडावं असं: लांबचा मेंढवाडा, मालकाची पाळत, लपवलेलं बाळंतपण, नाहीसं झालेलं मूल. शेवटच्या दोन गोष्टी एकत्र आल्या की १७व्या शतकातल्या दंडाधिकाऱ्याला बालहत्येचा खटला दिसे, आणि त्यालाही शिक्षा बुडवण्याचीच. कथा त्याच पुराव्याचा दुसरा अर्थ लावते. मूल मेलेलं नाही, टेकडीत बापाकडे वाढतं आहे. बापाने टाकलेलं नाही, तो हिवाळाभर तिच्यासमोर बसायला आला. आणि मुलगी खोटारडी नाही, तिच्यापाशी सांगता येण्याजोगं उत्तर नव्हतं एवढंच. काट्लाच्या स्वप्नाबद्दलचं एक जुनं दीर्घकाव्यही याच वाटेने जातं. श्रीमंत घरातली काट्ला नवरा परगावी असताना हुल्डू पुरुषाच्या घरी झोपेत जाऊन येते, तिला मुलगा होतो, आणि नवरा परतल्यावर सगळं ऐकून तो मुलगा स्वीकारतो. हे काव्य १७व्या शतकापासून हस्तलिखितांमधून फिरत होतं, महानिवाडा सर्वांत कडक होता त्याच काळात. मी असं म्हणत नाही की एखादी मोलकरीण न्यायाधीशापुढे उभी राहून 'बाप टेकडीत राहतो' असं सांगून सुटली. तिथे हे उत्तर चाललं नसतं. पण त्या एका खोलीत, लोकर कातत बसलेल्या शेजारणींमध्ये, दोषी किंवा निर्दोष या दोहोंखेरीज तिसरी जागा या कथेने करून दिली. साक्षीला बोलावता येणार नाही असा बाप!

इथे एका माणसाची ओळख करून द्यायला हवी, कारण त्याच्यामुळे या लोकांवरची चर्चा लेखी स्वरूपात सापडते. योन ग्वुदमुन्दसोन (१५७४–१६५८) याला लोक 'विद्वान योन' म्हणत. शाळा-विद्यापीठ त्याने पाहिलं नव्हतं. शेती, लाकूडकाम, चित्रं, हस्तलिखितांच्या नकला, असं मिळेल ते तो करी. १६१५ साली पश्चिमेच्या फ्योर्डांमध्ये होड्या फुटलेल्या बास्क देवमासे-शिकाऱ्यांची स्थानिक अधिकाऱ्याच्या हुकमाने कत्तल झाली. योनने ती अन्यायाची होती असं लिहून ठेवलं आणि त्यापायी त्याला मुलूख सोडावा लागला. १६३१ मध्ये त्याच्यावर जादूटोण्याचा खटला होऊन तो हद्दपार ठरला. पुढे बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सोनच्या आश्रयाने १६४४ मध्ये त्याने जे लिहिलं त्यात हुल्डूफोल्कची बाजू मांडली आहे. त्यांना देह आहे, ते माणसासारखेच आहेत, सैतानाची पिल्लं नव्हेत. राज्याने ज्याला जादूगार ठरवलं तो माणूस अदृश्य शेजाऱ्यांना सभ्य ठरवत होता, आणि माणसांत त्याने काय पाहिलं होतं ते लक्षात घेता त्याचा कल समजण्यासारखा आहे. त्या शतकात आइसलँडमध्ये जादूटोण्याच्या आरोपाखाली वीसेक जणांना जाळलं गेलं, एक अपवाद सोडता सगळे पुरुष. लूथरपंथी विद्वत्तेचं मत स्वच्छ होतं: देवदूत आणि सैतान यांच्यामध्ये तिसरं काही नाही. तरीही लोकांनी टेकडीतल्या शेजाऱ्यांना सैतानाच्या खात्यात जमा केलं नाही. उलट त्यांच्यासाठी चर्च बांधलं, धर्मगुरू नेमला.

त्यांची उत्पत्ती सांगणारी कथाही या दृष्टीने बोलकी आहे. देव एकदा आदम आणि ईव्हच्या घरी आला. ईव्हने मुलं दाखवली, पण काहींची आंघोळ व्हायची राहिली होती म्हणून त्यांना लपवलं. देवाला ते कळलं आणि तो म्हणाला की माझ्यापासून जे लपवलं ते माणसांपासूनही लपलेलं राहील. त्या न धुतलेल्या मुलांचा वंश म्हणजे हुल्डूफोल्क. ही कथा एकट्या आइसलँडची नाही. १६व्या शतकात जर्मनीत ती चांगलीच फिरत होती. हान्स झाक्स या नाटककाराने ती रंगवली आणि पुढे ग्रिम बंधूंच्या संग्रहातही ती आली. पण जर्मन कथेत धुतलेल्या देखण्या मुलांना देव राजा, सरदार, व्यापारी होण्याचा आशीर्वाद देतो आणि न धुतलेल्यांना शेतकरी, कोळी, चांभार, नोकर होण्याचा. तिथे ती कथा समाजातली उतरंड देवाच्या नावाने पक्की करते. आइसलँडमध्ये पोचल्यावर उतरंड गळून पडते आणि उरतं ते भावंडांचं नातं: एक भाऊ उजेडात, दुसरा आडोशाला. शिवाय जर्मनीत न धुतलेले खाली ढकलले जातात, तर इथे ते अधिक सुखात राहतात. ज्यांनी ही कथा सांगितली त्यांना राजा-सरदारांच्या उत्पत्तीत फारसा रस नसावा. नोकराची जागा देवाने नेमून दिली हे त्यांना चर्चमध्ये ऐकावं लागतच होतं.

यावर पहिला आक्षेप इतिहासकार घेतील, आणि तो हलका नाही. हुल्डूफोल्कचंच दुसरं नाव एल्फ, आणि ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्याही आधीची आहे. सुमारे १०२० मध्ये सिघ्वातुर हा राजकवी स्वीडनमधून जात असताना त्याला एका घरातून परत पाठवलं गेलं, कारण आत एल्फांना बळी देण्याचा विधी चालू होता. हे त्याने स्वतःच नोंदवलं आहे. सागा या जुन्या गद्यकथांमध्येही एल्फांच्या टेकडीला बैलाचं रक्त वाहिल्याचा उल्लेख येतो. मग १५६४ च्या कायद्याशी त्यांचा संबंध कशाला जोडायचा? माझं उत्तर असं की नाव जुनं आहे, माणसं नवी आहेत. मध्ययुगीन एल्फ हा देवांच्या पंक्तीतला किंवा टेकडीखालचा पूर्वज आहे. त्याला बळी द्यावा लागतो. त्याच्याकडे दूध मागायला कुणी वाडगा घेऊन येत नाही. हुल्डू बाई मात्र येते. दार ठोठावते, आजारी मुलासाठी थोडं दूध मागते, आणि देणाऱ्याच्या मेंढ्या पुढच्या कडक हिवाळ्यात जगतात. तिला प्रसूतीच्या वेळी माणसांतली सुईण लागते, आणि ती सुईणीला उंची कापड देऊन पाठवते. बळी जाऊन उसनवारी आली. हे स्थित्यंतर जुन्या धर्माने समजावता येत नाही. त्यासाठी शेजारधर्मावर तगलेल्या गरीब शेतघरांकडेच जावं लागतं.

दुसरा आक्षेप पर्यटकांचा आवडता: लाव्हाचे वेडेवाकडे खडक, हिवाळ्यातला अंधार, आकाशातले हिरवे झोत, अशा मुलखात माणसाला काही ना काही दिसणारच. निसर्गाने जागा पुरवल्या यात शंका नाही. बोर्गारफ्योर्दुरजवळची आल्फाबोर्ग ही टेकडी किंवा पश्चिमेच्या दालिर भागातला तुंगुस्तापी हा उंचवटा सपाटीतून असा उठलेला आहे की त्यात कुणीतरी राहत असावं असं वाटलं नाही तरच नवल. पण निसर्ग कुठे एवढंच सांगतो, कोण ते सांगत नाही. नॉर्वेतही अंधार आहे, कडे आहेत, तेच पूर्वज आणि तेच जुने देव आहेत. तिथल्या हुल्द्राला मात्र गाईचं शेपूट असतं, काही कथांत पाठ झाडाच्या ढोलीसारखी पोकळ असते. ती परकी आहे आणि शेपूट दिसलं की ओळखू येते. आइसलँडच्या हुल्डू माणसाला असली खूण नाही, तो शेजारच्या शेतावरच्या माणसासारखाच दिसतो. फरकाचं कारण मला समाजाच्या बांधणीत दिसतं. नॉर्वेत जंगल होतं, बंदरांची शहरं होती, वेगळ्या जातीची माणसं रोज दिसत होती. आइसलँडमध्ये १८०१ सालीही रेक्याविकची वस्ती जेमतेम तीनशेची. सरदार नाही, बाजारपेठ नाही, झाडी नाही. बिशपही शेतघरातच राहणारा. अधिक चांगलं जगणं म्हणजे काय याचं चित्र काढायचं तर ते अधिक चांगल्या शेतघराचंच निघणार.

तिसरा आक्षेप पुराव्याच्या हातांबद्दल आहे. या कथा ज्यांनी उतरवून घेतल्या ते गडी-मोलकरीण नव्हते. योन आर्नासोन हा ग्रंथपाल आणि त्याचा मित्र, पुढे धर्मगुरू झालेला माग्नुस ग्रिम्सोन, यांनी १८४५ च्या सुमारास ग्रिम बंधूंचा आदर्श ठेवून हे काम सुरू केलं. १८५२ मध्ये त्यांचं छोटं पुस्तक निघालं, त्याचं स्वागत थंड झालं. १८५८ मध्ये कोनराड माउरर हा म्युनिकचा कायद्याचा इतिहासकार बेटावर फिरला आणि त्याच्या खटपटीने १८६२ ते १८६४ मध्ये लाइपत्सिगला मोठे दोन खंड छापले गेले. कथा पाठवणारे बहुतेक धर्मगुरू आणि विद्यार्थी. म्हणजे मोलकरणीची गोष्ट आपल्यापर्यंत येते ती त्याच वर्गाच्या लेखणीतून, ज्याने तिला चर्चमध्ये सगळ्यांसमोर पापाची कबुली द्यायला उभं केलं असतं. त्यांनी भाषा घासूनपुसून घेतली, राष्ट्रप्रेमाचा मुलामाही चढवला. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला उलट बळ देतो. धर्मगुरूच्या हातून जाऊनही मेंढवाड्यावरच्या कथेत धर्मगुरू संशयखोर आणि मुलगी सहानुभूतीला पात्र उरली असेल, तर ही मांडणी कथेच्या सांगाड्यातच होती, वरून लावलेली नव्हती. आणि योन ग्वुदमुन्दसोनचं लेखन याच्या दोनशे वर्षं आधीचं आहे. १९व्या शतकाने ही दुनिया निर्माण केली असं म्हणायला जागा उरत नाही.

मग एक प्रश्न राहतो, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. हे जर तळाच्या माणसांनी रंगवलेलं सुख असेल, तर त्या सुखाचा शेवट इतका वाईट का? मेंढवाड्याची मुलगी मरते. नाताळच्या रात्री घर राखायला एकट्याच राहिलेल्या नोकराने नाचायला आलेल्या हुल्डू मंडळींच्या हाकेला ओ दिली, तर सकाळी तो वेडा झालेला सापडतो. जो मान खाली घालून आपलं काम करत बसतो त्याला ती मंडळी उंची कपडे ठेवून जातात. हा तर मालकाला सोयीचा उपदेश झाला. खरं आहे. टेकडीतल्या समाजातही मालक आहेत, नोकर आहेत, खाष्ट सासवा आहेत. बंड नाही. व्यवस्था उलथून टाकण्याची कल्पना सुचायला व्यवस्थेबाहेरचं काहीतरी पाहिलेलं असावं लागतं, आणि या माणसांनी वसंतात एका शेतघरातून दुसऱ्यात जाणं एवढंच पाहिलं होतं. हुल्डूफोल्कही घरं बदलतात, नववर्षाच्या रात्री. त्या रात्री घरची बाई दिवे लावून घराभोवती फिरायची आणि येणाऱ्याने यावं, जाणाऱ्याने जावं, आपल्याला मात्र इजा होऊ नये, अशी विनवणी करायची. जाणं-येणं ज्याच्या त्याच्या मर्जीचं असं म्हणणारी ती बाई दिवसा ज्या कायद्याखाली राहत होती त्यात येण्या-जाण्याचीच तर बंदी होती. कथांनी स्वातंत्र्य दिलं नाही, त्यांनी ते कुठे असतं ते दाखवलं. त्यांच्याकडून याहून जास्त मागणं मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या म्हणण्याची एक परीक्षा पुढच्या इतिहासात होऊन गेली आहे. हे लोक शेतघराच्या व्यवस्थेतून जन्मले असतील तर ती व्यवस्था मोडल्यावर ते बदलायला हवेत. विस्तरबांदची गाठ १८६३ आणि १८९४ च्या कायद्यांनी सैल झाली, मासेमारीच्या बंदरांत रोखीची मजुरी मिळू लागली, माणसं रेक्याविककडे निघाली. हुल्डूफोल्क नाहीसे झाले नाहीत, पण त्यांनी धंदा बदलला. १९१४ मध्ये चित्रकार योहानेस क्यारवाल याने आपल्या बालपणीच्या गावातल्या चर्चसाठी वेदीचं चित्र काढलं. त्यात येशू उपदेश करतो तो आल्फाबोर्गवर उभा राहून. जिथे पूर्वी हुल्डू शेतकरी राबत होते तो खडक आता देखावा झाला होता, आणि देखावा हे शहरवासीयाचं दैवत. त्यानंतरच्या कथांत गवतकापणी दिसत नाही, सुईण दिसत नाही. दिसतो तो रस्ता. रेक्याविकला लागून असलेल्या कोपावोगुरमध्ये १९३०च्या दशकात एका टेकाडाला बगल देऊन रस्ता वळवला गेला, आणि यंत्रं मोडतात, मजूर नकार देतात अशा गोष्टी त्यावरून सुरू झाल्या. २०१३ मध्ये आल्फ्तानेसकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यासाठी गाल्गाह्राउनचा लाव्हा फोडायला निघाले तेव्हा तिथल्या एका खडकात हुल्डूंचं चर्च असल्याचं सांगणारे लोक पर्यावरणवाद्यांच्या शेजारी उभे राहिले. पोलिसांनी आंदोलकांना उचलून नेलं, रस्ता झाला, आणि तो खडक २०१५ मध्ये क्रेनने सरकवून बाजूला ठेवण्यात आला. रस्ते खात्याने तो फोडला नाही, हे नोंदवण्यासारखं.

परदेशी वार्ताहरांना यात फक्त 'अजूनही विश्वास ठेवणारा देश' दिसतो. २००६–०७ मध्ये आइसलँड विद्यापीठातले लोकसाहित्याचे अभ्यासक टेरी गनेल यांनी सुमारे हजार लोकांना विचारलं, तेव्हा हुल्डूफोल्क असणं अशक्य म्हणणारे १३ टक्के निघाले, नक्की आहेत म्हणणारे ८ टक्के, आणि सर्वांत मोठा गट, ३७ टक्के, 'असू शकतील' म्हणणाऱ्यांचा. या आकड्यांवर बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्यांच्याहून खडकातल्या माणसांच्या चरितार्थाचा प्रश्न अधिक रस वाटण्याजोगा वाटतो. गाल्गाह्राउनच्या वादात त्या चर्चचं वर्णन झालं, त्यात राहणाऱ्यांची मनःस्थिती सांगितली गेली, त्यांच्या वतीने वाटाघाटीही झाल्या. पण त्यांच्या गाई किती, कापणीला माणसं कुठून येतात, आणि नववर्षाला कोण कोणाकडे जाणार, हे विचारणारं त्या सबंध वादात कुणी नव्हतं.